वाचक विचारतात : वर्गातलं वेबपान आणि वर्गातला सोशल मीडिया

या अंकासाठी आलेल्या पत्रांचे सरळ दोन गठ्ठे पडले. एकात वेबपान शिकवताना येणाऱ्या अडचणी, दुसऱ्यात सोशल मीडिया वर्गात आणावा की नाही ही घालमेल. आम्ही दोन्ही मुद्दाम एकत्र घेतले आहेत, कारण ज्या मुलाने स्वतः एक पान बांधलं आहे त्याला दुसऱ्याच्या पानाने फसवणं अवघड जातं. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला वेब-डिझाइन शिकवायचं आहे. दहा तासिका मिळाल्या आहेत आणि प्रयोगशाळेतल्या इंटरनेटचा भरवसा नाही. तयार साचे देणाऱ्या एखाद्या सेवेपासून सुरुवात करावी की एचटीएमएलपासून?
(संगणक शिक्षिका)

उत्तर : एचटीएमएलपासून, म्हणजे ज्या कोडमध्ये पान लिहिलं जातं त्यापासून. तयार साच्यावर मुलं पहिल्याच तासाला देखणं पान करतात आणि दहाव्या तासालाही त्यांना तेवढंच येत असतं. शिवाय साच्यांच्या सेवेला खातं लागतं, इंटरनेट लागतं. एचटीएमएलला साधा टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर पुरतो, त्यामुळे तुमची इंटरनेटची अडचण आपोआप सुटते.

पहिला तास संगणक बंद ठेवून घ्या. विषय ठरवून प्रत्येकाकडून दीडशे शब्दांचा मजकूर लिहून घ्या आणि कोऱ्या कागदावर पानाचा आराखडा काढून घ्या : शीर्षक कुठे, चित्र कुठे, यादी कुठे. हा तास वाचवायचा मोह होतो, पण हातात मजकूर नसलेली मुलं पुढचे दोन तास पार्श्वभूमीचा रंग बदलत बसतात.

दुसऱ्या तासाला फोल्डर आणि फाइल. प्रत्येकाचं एक फोल्डर, त्यात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नावाची फाइल, नाव सगळं लहान अक्षरांत. इथेच निम्मा वर्ग अडकतो. विंडोज फाइलचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं; नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ होते आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी कोडच दिसतो. उपाय दोन : फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल-नावांची एक्स्टेन्शन्स दाखवण्याची खूण करा, आणि सेव्ह करताना प्रकाराच्या जागी ‘ऑल फाइल्स’ निवडा. व्हीएस कोडसारखा एडिटर आधीच बसवून ठेवता आला तर उत्तम. तो एकदा बसला की इंटरनेटविना चालतो आणि टॅग (टोकदार कंसातली सूचना) अर्धवट राहिला तर रंगावरून लक्षात येतं.

पानाचा सांगाडा (डॉकटाइपची ओळ, एचटीएमएल, हेड, बॉडी) मुलांकडून पाठ करून घेऊ नका, तयार फाइल द्या. मात्र डॉकटाइपची पहिली ओळ का हवी ते सांगा. ती नसली तर ब्राउझर पान जुन्या काळच्या नियमांनी मांडतो आणि मोजमापं अनपेक्षित येतात.

तिसरा-चौथा तास मथळे, परिच्छेद, यादी आणि दुवा यांना. मुलांची ठरलेली चूक म्हणजे मथळ्याचा टॅग अक्षरांच्या आकारावरून निवडणं : ‘एच-वन फार मोठा दिसतो म्हणून एच-फोर घेतला.’ मथळ्याचा क्रमांक त्याचं मानाचं स्थान सांगतो, आकार नंतर बदलता येतो. न पाहता पान ऐकणारी व्यक्ती स्क्रीन रीडरने मथळ्यांवरून उड्या मारत जाते; एच-वननंतर थेट एच-फोर आला तर मधलं काही निसटलं असं तिला वाटतं.

पाचव्या तासाला चित्र आणि त्याचा ‘ऑल्ट’ मजकूर (चित्र दिसत नसेल तेव्हा त्याच्या जागी येणारं वर्णन), सहाव्यापासून आठव्यापर्यंत सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारे नियम. सीएसएस वेगळ्याच फाइलमध्ये ठेवा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली तेव्हा सीएसएस नव्हतं. होकोन वियुम ली यांनी तो प्रस्ताव १९९४ मध्ये मांडला आणि पहिली प्रमाणित आवृत्ती १९९६ च्या अखेरीस आली. मधल्या काळात रंग आणि फॉण्ट कोडमध्ये जागोजागी लिहावे लागत, आणि एक रंग बदलायचा म्हणजे सगळी पानं उपसावी लागत. हे मुलांना करूनच दाखवा : एकाच सीएसएस फाइलला तीन पानं जोडा आणि एक ओळ बदला.

तीन तासांत आठ गुणधर्म भरपूर झाले : अक्षराचा रंग, पार्श्वभूमीचा रंग, फॉण्ट, फॉण्टचा आकार, ओळींमधलं अंतर, मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा), पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) आणि कमाल रुंदी. अर्धविराम राहिला तर ती ओळ आणि तिच्या खालची, दोन्ही निकामी होतात. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर खालचे नियम लागू होत नाहीत. चूक झाली आहे असं ब्राउझर पानावर कुठेही सांगत नाही. म्हणून खालचे नियम तात्पुरते काढून टाकत, अर्ध्या-अर्ध्या भागात चूक शोधायला शिकवा.

नवव्या तासाला फोल्डर दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहायचं, दहाव्याला दुरुस्त्या. ‘बदल केला पण दिसत नाही’ ही तक्रार रोज ऐकाल. तिची कारणं बहुधा तीनच : फाइल सेव्ह केलेली नाही, ब्राउझरमध्ये दुसऱ्या फोल्डरातली प्रत उघडी आहे, किंवा ब्राउझरने जुनी सीएसएस साठवून ठेवली आहे. तिसऱ्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबणं हा उपाय.

प्रश्न : माझ्या संगणकावर सगळी चित्रं दिसतात. पान वेबवर चढवलं की निम्मी गायब. असं का?
(अकरावीचा विद्यार्थी)

उत्तर : पहिला संशय लहान-मोठ्या अक्षरांवर घ्या. विंडोजला ‘फोटो’ हे नाव पहिलं अक्षर मोठं काढून लिहिलं काय किंवा लहान, सारखंच. बहुतेक वेब-सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या लेखी ती दोन वेगळी नावं. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचं ‘जेपीजी’ हे शेपूट अनेकदा मोठ्या अक्षरांत असतं. कोडमध्ये ते लहान लिहिलं की तुमच्याकडे चित्र दिसणार, सर्व्हरवर नाही.

दुसरा संशय पत्त्यावर. कोडमध्ये ‘सी ड्राइव्ह’पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता असेल तर तो फक्त तुमच्याच संगणकावर खरा आहे. चित्रं पानाशेजारच्या ‘इमेजेस’ फोल्डरात ठेवा आणि तिथूनच सुरू होणारा पत्ता लिहा. तिरकी रेघ पुढे झुकलेली हवी. विंडोजच्या सवयीने उलटी रेघ पडते. नावात मोकळी जागा नको, आडवी रेघ वापरा.

आणि चित्र ‘गायब’ नसून फक्त फार उशिरा येत असेल, तर त्याचं वजन बघा. फोनवरचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि तीन-चार एमबीचा असतो. पानासाठी बाराशे पिक्सेल रुंदी आणि जेपीजीचा ८० टक्के दर्जा पुरतो. तोच फोटो काहीशे केबीवर येतो. कोडमध्ये रुंदी कमी लिहिल्याने फाइल हलकी होत नाही.

प्रश्न : मराठी मजकूर टाकला की कधी भलतीच चिन्हं येतात, कधी प्रश्नचिन्हं. नीट आला तरी वर्तमानपत्रासारखा देखणा दिसत नाही. नेमकं कुठे चुकतं?
(मराठीचे शिक्षक, शाळेच्या संकेतस्थळाचं काम पाहणारे)

उत्तर : तुम्ही एकच आजार म्हणून लिहिलं आहे, पण हे वेगवेगळे आहेत आणि औषधंही वेगळी.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे आणि ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. ब्राउझरने तीन बाइट सुटे वाचले की तोच ‘ए’ दर वेळी हजर. हेडमध्ये सगळ्यात वर मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ घाला. ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावी लागते, म्हणून शीर्षकाच्याही आधी ठेवा.

सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बातमी वाईट आहे. फाइल ‘अन्सी’ या जुन्या, देवनागरी न सामावणाऱ्या प्रकारात सेव्ह झाली आणि मराठी अक्षरं त्या क्षणीच पुसली गेली. मेटा ओळ घालून ती परत येत नाहीत. मूळ मजकूर शोधा किंवा नव्याने टाइप करा, आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा.

असंबद्ध रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं दिसत असतील तर मजकूर छपाईसाठीच्या जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या चिन्हांना ठरलेले क्रमांक मिळण्याआधीच्या) फॉण्टातून आला आहे. त्या फॉण्टांत रोमन अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉण्ट गेला की सोंग उतरतं. त्या विशिष्ट फॉण्टचा युनिकोड परिवर्तक वापरा आणि नंतर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच उरतात.

रिकामे चौकोन म्हणजे फॉण्टमध्ये देवनागरी नाही, इतकंच.

आता देखणेपणाचं. आधी पानाच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ अशी लिहा. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदी वळणांहून वेगळी आहेत. काही फॉण्टांत दोन्ही असतात आणि भाषा कळली की फॉण्ट मराठी वळण उचलतो. स्क्रीन रीडरलाही त्यावरूनच मराठी आवाज निवडता येतो. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉण्ट पडद्यावर चांगले वाचले जातात. मथळ्याला एक आणि मजकुराला एक, यापेक्षा जास्त नकोत.

ओळींमधलं अंतर रोमनसाठी दीडपट पुरतं. मराठीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून १.६ ते १.८ ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा ‘लेटर-स्पेसिंग’ हा गुणधर्म मराठीवर कधीच वापरू नका, शिरोरेखा तुटते. इंग्रजी साच्यांमध्ये मथळ्यांना तो बऱ्याचदा आधीच लावलेला असतो. मथळ्याची रेघ तुकड्या-तुकड्यांत दिसत असेल तर तो शोधून शून्य करा. तिरप्या अक्षरांचंही तसंच. बहुतेक देवनागरी फॉण्टांत खरं तिरपं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं ढकलून वाकवतो. भर द्यायला ठळक अक्षर घ्या.

प्रश्न : फोनवर पान मुंगीएवढं दिसतं. एका मैत्रिणीचं ठीक दिसतं, पण आडवं सरकतं.

उत्तर : मुंगीएवढं दिसण्याचं कारण हेडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पडद्याची रुंदी सांगणारी मेटा ओळ नाही. ती नसली की फोनचा ब्राउझर पान संगणकासाठी आहे असं धरतो, साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि आक्रसून दाखवतो. ती ओळ घाला आणि तिच्यात ‘विड्थ’ला ‘डिव्हाइस-विड्थ’ ही किंमत द्या.

आडवं सरकणाऱ्या पानात काहीतरी पडद्यापेक्षा रुंद आहे. चित्रांना कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ‘ऑटो’ द्या. तरीही सरकत असेल तर रुंदी १०० टक्के असलेल्या चौकटीला पॅडिंग दिलेलं असणार : पॅडिंग रुंदीच्या वर मोजलं जातं आणि चौकट बाहेर पडते. सगळ्या घटकांना ‘बॉक्स-सायझिंग : बॉर्डर-बॉक्स’ लावलं की पॅडिंग आत मोजलं जातं. रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून लिहिलेली असेल तर तिच्या जागी कमाल रुंदी लिहा.

प्रश्न : मुलांना रंगांची हौस असते. कुठला रंग ‘चालतो’ हे वाद न घालता कसं ठरवायचं?

उत्तर : मोजून. वेबच्या सुलभतेच्या निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं किमान गुणोत्तर साध्या मजकुराला ४.५ आणि मोठ्या मथळ्याला ३ असं दिलं आहे. पांढऱ्यावर ‘हॅश ७६७६७६’ हा करडा रंग जेमतेम पास होतो. ‘हॅश ९९९९९९’ नापास होतो, आणि नेमका तोच करडा साच्यांमध्ये सर्रास दिसतो. शुद्ध लाल पांढऱ्यावर सुमारे ४ वर थांबतो. पिवळ्याचं तर बोलायलाच नको. क्रोममध्ये एफ-१२ दाबून अक्षराच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की गुणोत्तर तिथेच दिसतं. आकडा पुढे असला की शिक्षकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

प्रश्न : अभिप्रायाचा फॉर्म केला. ‘सबमिट’ दाबलं की काहीच होत नाही.

उत्तर : होतं, पण तुम्हाला हवं ते नाही. एचटीएमएल फॉर्म फक्त काढून दाखवतं. माहिती साठवायला सर्व्हरवर वेगळा प्रोग्राम लागतो. तुमचं पान नुसतं पुन्हा उघडतं. पत्त्याच्या पट्टीकडे बघा : रकान्यांना नावं दिली असतील तर भरलेली उत्तरं प्रश्नचिन्हामागे उघडी दिसतील. म्हणून सरावाच्या फॉर्ममध्ये खरा पासवर्ड किंवा फोन नंबर कोणी टाकायचा नाही. खरोखर उत्तरं गोळा करायची असतील तर गूगल फॉर्म करून त्याचा दुवा द्या.

हाच तास थोडा पुढे न्या. ज्याने दहा मिनिटांत नाव आणि पासवर्डचे दोन रकाने काढले, त्याला सांगा की बँकेचं लॉगिन-पानही दिसायला असंच निघतं. मग दुव्याची गंमत : दिसणाऱ्या मजकुरात एक पत्ता आणि कोडमध्ये दुसरा लिहून पाहा. दुव्यावर माउस नुसता धरला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो; फोनवर दुवा दाबून धरावा लागतो. आणि काही ब्राउझरांत पत्त्याजवळ दिसणारं कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कोणी माहिती वाचत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही.

प्रश्न : मुलांची पानं मोफत प्रकाशित करायची आहेत. काय काळजी घ्यावी?
(माध्यमिक शिक्षक)

उत्तर : कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेचं ‘गिटहब पेजेस’ हा सरळ मार्ग आहे. रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइलींचा साठा) तयार करा, फाइली चढवा, ‘सेटिंग्ज’मधल्या ‘पेजेस’ विभागात मुख्य शाखा आणि मूळ फोल्डर निवडा. काही मिनिटांत पत्ता मिळतो. मोफत योजनेत रिपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते. खात्यासाठी किमान वय १३ आहे, त्यामुळे लहान वर्गांसाठी शिक्षकाचं एकच खातं आणि त्यात गटवार फोल्डरं ठेवा. फोल्डरांना मुलांची नावं देऊ नका.

धोका आहे तो पुढे. गिटहब प्रत्येक बदल जपून ठेवतं. आज चढवलेला फोटो उद्या काढलात तरी तो इतिहासात तसाच राहतो आणि कोणालाही उघडता येतो. म्हणून तपासणी चढवण्याआधी करायची : पूर्ण नाव, चेहरा, गणवेशावरचा बिल्ला, फोन नंबर, रोजच्या येण्याजाण्याची वेळ यांतलं काहीही नको.

फोटोच्या आतही माहिती असते. फोनच्या कॅमेऱ्यात स्थान नोंदवणं चालू असेल तर फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि तिथून वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा दुवा, असा रस्ता आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर ही माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर तशीच जाते. फोटो स्पष्ट राहावा म्हणून मुलं सर्रास दुसरी पद्धत वापरतात.

प्रश्न : गूगलवर सापडलेलं चित्र पानावर वापरलं आणि खाली ‘सौजन्य : गूगल’ लिहिलं. चालेल ना?

उत्तर : नाही. गूगलने ते चित्र काढलेलं नाही, फक्त शोधून दिलं आहे. विकिमीडिया कॉमन्सवर जा किंवा गूगलच्या चित्रशोधात ‘टूल्स’मध्ये वापराच्या हक्कांची चाळणी लावा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं चित्र घेतलं तर चार गोष्टी लिहा : चित्राचं नाव, कर्ता, मूळ पानाचा दुवा, परवान्याचं नाव. परवान्यात ‘एनडी’ असेल तर बदललेलं चित्र प्रसिद्ध करता येत नाही. ‘एसए’ असेल तर बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. मुलांनी स्वतः काढलेलं चित्र हा सर्वांत बिनघोर पर्याय, आणि पानही त्यानेच जास्त जिवंत दिसतं.

प्रश्न : मुख्याध्यापकांना वर्गाचं इन्स्टाग्राम पान हवं आहे, मुलांनीच चालवावं अशी त्यांची इच्छा आहे. आम्ही काय सांगावं?
(दोन शिक्षिका)

उत्तर : पान असू द्या, मुलांच्या खात्यांवर मात्र उभं करू नका. बहुतेक मोठ्या माध्यमांची किमान वयाची अट १३ वर्षे आहे. तिचं मूळ मुलांच्या ऑनलाइन माहितीबद्दलच्या १९९८ च्या अमेरिकी कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून मर्यादा १६ वर नेली. सातवी-आठवीच्या वर्गात काही मुलं १३ च्या अटीत बसणारी आणि काही न बसणारी असतात. अशा वर्गाला खातं उघडायला लावणं म्हणजे काहींना जन्मतारीख खोटी लिहायला सांगणं.

खातं संस्थेच्या ई-मेलवर उघडा, शिक्षकाच्या खासगी ई-मेलवर किंवा नंबरवर नको. शिक्षक बदलले की खातंही त्यांच्याबरोबर जातं आणि मग कोणालाच आत शिरता येत नाही. टू-स्टेप पडताळणी चालू ठेवा, बॅकअप कोड छापून कार्यालयात ठेवा. पासवर्ड दोन मोठ्या माणसांकडे असावा. खासगी संदेशांना ठरलेलं एकच उत्तर : ‘कृपया कार्यालयाशी संपर्क साधा.’

मुलांना चालवायचा भाग द्यायचा तो संपादनाचा. एक गट मजकूर लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा चित्राचं वर्णन लिहितो (हे वर्णन पहिल्या उत्तरात पाचव्या तासाला शिकवलेल्या चित्राच्या ‘ऑल्ट’ मजकुरासारखंच असतं, इन्स्टाग्राममध्ये त्याची वेगळी जागा आहे), आणि शिक्षक प्रसिद्ध करतात. चेहऱ्यांऐवजी हात, वह्या, प्रयोगाचं साहित्य, भिंतीवरचं काम दाखवा. पालकांची लेखी संमती घ्या, पण प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतलेल्या मोघम सहीवर विसंबू नका : कोणतं माध्यम, कशासाठी, किती काळ, आणि नको म्हटलं तर किती दिवसांत काढणार हे कागदावर हवं. ज्यांनी नकार दिला त्यांना फोटोतून बाजूला उभं करणं हा उपाय नव्हे. सगळ्यांनाच न दाखवणारा फोटो निवडा.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल तर ‘मुलांसाठी’ अशी खूण केल्यावर प्रतिक्रिया बंद होतात, हे सोयीचं आहे. ‘अनलिस्टेड’ म्हणजे खासगी नव्हे. दुवा ज्याच्याकडे जाईल तो पाहू शकतो.

प्रश्न : पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना कमी आणि सुप्रभात जास्त. शिवाय काही मातांना अनोळखी फोन येऊ लागले.

उत्तर : ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, फोन त्यातूनच येतात. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवतील’ ही सेटिंग सुप्रभात थांबवते, नंबर लपवत नाही. ब्रॉडकास्ट यादीत नंबर लपतात, पण मर्यादा २५६ जणांची आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. ‘मला आलंच नाही’ म्हणणाऱ्या पालकाचं हेच कारण असतं. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि फक्त ॲडमिन लिहितात. तुमच्यासाठी तोच बरा. गुण, फी आणि वागणुकीबद्दलचं काहीही ग्रुपवर नको.

प्रश्न : फोनबंदी आहे, खाती नाहीत. मग सोशल मीडिया शिकवायचा तरी कसा?
(भाषा शिक्षक)

उत्तर : खरं तर अशाच वर्गात तो नीट शिकवता येतो, कारण लक्ष लाइकांकडे जात नाही.

पहिला पाठ कागदावर. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद द्या आणि २८० चिन्हांत बसवायला सांगा, ही एक्सवरच्या (पूर्वीच्या ट्विटरवरच्या) मोफत खात्याची मर्यादा. ती आधी १४० होती, २०१७ मध्ये दुप्पट झाली. मोजणी शिकवण्यासारखी आहे : काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण मोजणीत दहा चिन्हांचा. मग मूळ परिच्छेद शेजारी ठेवून काय गळलं ते अधोरेखित करायला सांगा. बहुतेक वेळा गळतात ते ‘काही’, ‘बहुधा’, ‘अमुक परिस्थितीत’ असे शब्द. आपल्याला येणाऱ्या फॉरवर्डमधून काय गळलेलं असेल, हा प्रश्न मग मुलंच विचारतात.

दुसरा पाठ एका संगणकावर. शाळेचंच पान उघडा, मथळ्यावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा, उजळलेल्या ओळीतल्या मजकुरावर दोनदा क्लिक करा, नवा मजकूर टाइप करून एंटर दाबा. ‘उद्यापासून शाळा चंद्रावर भरेल.’ पत्ता खरा, बोधचिन्ह खरं, मथळा खोटा. पान पुन्हा उघडलं की मूळ मथळा परत येतो, कारण बदल फक्त या पडद्यावर झाला होता. पण मधे काढलेला स्क्रीनशॉट जगभर फिरू शकतो. स्क्रीनशॉट हा पुरावा का नाही, हे सांगायला याहून लांब भाषण लागत नाही. दोन बंधनं पाळा : मजकूर उघडच अशक्य असावा, आणि चित्र वर्गाबाहेर जाऊ नये. खऱ्या माणसाच्या तोंडी वाक्य घालू देऊ नका. पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी प्रयत्न करतंच.

तिसरा पाठ तपासणीचा. ‘पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्री ऑक्टोपस’ नावाचं, झाडावर राहणाऱ्या अष्टपादाला वाचवा सांगणारं थट्टेचं संकेतस्थळ १९९८ मध्ये सुरू झालं आणि वर्गांत वापरलं जातं. त्यात चित्रं आहेत, दुवे आहेत, कळकळही आहे. पान चांगलं बांधलेलं आहे एवढ्यावरून ते खरं ठरत नाही, हे आठ तास पान बांधलेल्या मुलांना लगेच पटतं. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली. पहिल्या दोन गटांतले बरेच जण त्याच पानावर वर-खाली फिरत राहिले. तपासनीसांनी झटकन नवे टॅब उघडले आणि या पानाबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. वर्गात नियम एवढाच ठेवा : ‘आमच्याविषयी’ वाचण्याआधी दुसऱ्या टॅबमध्ये शोध. चित्रांसाठी गूगल लेन्स किंवा टिनआय : चित्र दिलं की ते वेबवर आणखी कुठे आहे ते शोधून देतात. टिनआयमध्ये सर्वांत जुनी नोंद वर आणता येते, आणि ‘आजच्या’ पुराचा फोटो सहा वर्षांपूर्वीचा निघाला की विषय संपतो.

प्रश्न : आमच्या एका शिक्षिकेच्या नावाने कोणीतरी खोटं खातं उघडलं आहे. मुलं त्यावर हसतात. आधी काय करावं?

उत्तर : आधी नोंद, मग तक्रार. प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, खात्याचं नेमकं नाव, पोस्ट, तारीख आणि वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या आणि पत्ता वेगळा लिहून ठेवा. नाव आणि फोटो बदलले तरी तक्रारीला धरायला काहीतरी हवं. स्क्रीनशॉट एकटा पुरावा नाही हे वर सांगितलंच. म्हणून दोन वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या उपकरणावरून घ्यावेत.

नंतर ‘रिपोर्ट’मध्ये तोतया खात्याचा पर्याय निवडा. ज्यांच्या नावाचं खातं आहे त्यांनी स्वतः केलेल्या तक्रारीला ओळखपत्र जोडता येतं आणि तिचा निकाल लवकर लागण्याची शक्यता जास्त. चाळीस मुलांना रिपोर्ट करायला सांगू नका. तेवढ्याने चाळीस जणांनी ते पान उघडलेलं असतं. त्या खात्याला उत्तर देऊ नका, वर्गात कबुलीची सक्ती करू नका, कोणाचा फोन हिसकावून उघडू नका. धमकी, अश्लील मजकूर किंवा पैशांची मागणी असेल तर शाळेची चौकशी थांबवून थेट पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा, आणि तोवर कोणालाही काही डिलीट करू देऊ नका.